उंच कोण, मोठं कोण? पोरांना शिकवतानाचे अनुभव सांगा

शुक्रवारातली:
रंगारी आलाय. पुढच्या खोलीत भिंतीला हात लावून विचारतोय, "वहिनी, ह्या रेघा ठेवू का घालवू?"

रेघा दोन जातीच्या आहेत. पेन्सिलीच्या लेकीच्या उंचीच्या. आणि एक खिळ्यानं कोरलेली, २०२१ च्या जुलैतली, पंचगंगेच्या पुराच्या पाण्याची. (२०१९ ची तिच्या बोटभर खाली होती, ती मागच्या रंगात गेली.)

लेक तेव्हा चारची. पुस्तकात जिराफ आणि ससा, 'उंच कोण?' तिला काही सोयरसुतक नाही. जिराफ काय आमच्या घरात आला नव्हता, पूर आला होता. घर धुऊन काढलं तशी रेघेला पाठ लावून उभी राहिली. "आई, मी पुरापेक्षा बुटकी?" मग दर महिन्याला तेच. टाचा वर करायची. टेकव म्हटलं की म्हणायची, पूर पण टाचा वर करूनच आला असंल!

सात वर्षांची झाली तेव्हा रेघ ओलांडली. त्या दिवशी घरात बासुंदी.

तुमच्या पोरांचं सांगा. मी रंगाऱ्याला चहा देऊन येते.

बंधाऱ्यावरचा:
ठेवा ती रेघ, घालवू नका. आमच्या पोराला बातम्यांतलं 'पंचगंगा ४३ फूट' ऐकून वाटायचं, रस्त्यावर ४३ फूट पाणी येणार. रडून गोंधळ. राजाराम बंधाऱ्यावर नेऊन दाखवलं, बाबा हे हितनं मोजतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. तर विचारतो, मग आपलं घर किती फुटावर? मला आजतागायत माहीत नाही.

दोन_पोरांची_आई:
आमच्यात 'मोठा' शब्दानं घोटाळा. धाकटा थोरलीपेक्षा चार बोटं उंच झालाय. "आता मी मोठा, ती मला दादा म्हणणार!" तिनं कानाखाली ठेवून दिली. भाषेचाच दोष म्हणायचा.

ऊसवाला शिरोळ:
पुतणीला दोन ऊस दिले, लांब कुठला सांग म्हटलं. पेरं मोजली. बारा पेरं, दहा पेरं, म्हणून बारावाला लांब. पाण्याचा ताण बसलेल्या उसाची पेरं आखूड असतात हे तिला काय ठाऊक. मग दोन्हीचे बुडखे एका रेघेत लावले आणि शेंडे बघ म्हटलं. बघितलं, आणि म्हणाली काका गोड कुठला?

लई हुशार हाय. कारखान्यावर पाठवणार तिला काट्याजवळ उभी करायला.

गंगावेसकर:
@ऊसवाला 😂😂 काट्यावर पाठवाच.

नातवाला दूध कट्ट्यावर नेतो. माझा ग्लास बसका, रुंद. त्याचा उंच, निमुळता. म्हशीचं दूध त्याच्यासमोर माझ्यातनं त्याच्यात ओतलं तरी म्हणतो, आता जास्त झालं. पुन्हा माझ्यात ओतलं, कमी झालं! तीनदा केलं. मालक म्हणाला, आजोबा, फेस मरतोय.

मास्तरीण:
@गंगावेसकर, काका त्याला रागवू नका. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं अशाच ग्लासांचे प्रयोग केले होते. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पोरं पातळी बघतात, रुंदी धरत नाहीत. पाठ करून घेतलं तर घोकतील, कळणार नाही. भाकरीचंही तसंच. तोच गोळा थापला की 'मोठा' होतो. माझी पोरगी अजून मोडलेली भाकरी जास्त समजते. मी दोन तुकडे करते, ती खूश, मीही.

वर्गात मी आधी एकच सांगते, पाय एका फरशीवर. नाहीतर बाकावर चढलेला जिंकतो.

अंगणवाडीताई:
दोन वर्षांखालच्यांची आम्ही झोपवून लांबी घेतो, त्यावरच्यांची उभं करून उंची. झोपवून साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं. एका बाळाचं गेल्या खेपेला झोपवून, आता उभं करून घेतलं. आकडा काही वाढेना. आजी दारातनंच ओरडली, "ओ बाई, पोरगं आटलं की ओ!" अर्धा तास समजावलं. जाताना म्हणाली, मग झोपवूनच लिवा की.

तालमीतला:
उंची बिंची काय नसतं भावा. खासबागेत बुटक्यानं उंचाला चितपट केलेलं बघितलंय.

दोन_पोरांची_आई:
@तालमीतला, हे माझ्या थोरलीला सांगू नका, कृपा करा.

@शुक्रवारातली, भिंत ओल धरते का अजून? आमची खालून फुगते.

शुक्रवारातली:
धरते ना. खालचे दोन फूट पापुद्रे. रंगारी म्हणतोय आधी प्लास्टर खरवडा, मग बोला. रेघांचा पट्टा सोडून बाकी करायला सांगितलंय. लेक शाळेतनं आली, तिनं आधी पट्टा तपासला, मग दप्तर ठेवलं.

बंधाऱ्यावरचा:
रंगाऱ्याचा नंबर द्या की मेसेजात. गणपतीच्या आत होईल का त्याच्याकडनं?