लिव्हर-स्प्लीनमध्ये बारीक गाठी, सारकॉइडची (सारकॉइडोसिस: अवयवांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार) शंका: एमआरआयचा प्रोटोकॉल कसा ठेवावा?

रामबाग_इंदूर: पेशंट ४६ वर्षांच्या बाई. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी (लिव्हर-पित्तनलिकांची एन्झाइम्स) वाढलेले, बिलिरुबिन नॉर्मल. सीटीत लिव्हर आणि स्प्लीनमध्ये ५ ते १० मिमीच्या असंख्य हायपोडेन्स (आजूबाजूपेक्षा गडद) गाठी, छातीत दोन्ही हायलममध्ये (फुफ्फुसांच्या मुळाशी) लिंफ नोड्स. फिजिशियननी एमआरआय आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) लिहून दिलंय. एमआरसीपी कॉन्ट्रास्टच्या आधी घ्यायची की नंतर? आणि कुठला सिक्वेन्स अजिबात सोडू नये?

पलासिया_एमआर: एमआरसीपी आधी उरका. गॅडोक्सेटिक अ‍ॅसिड (लिव्हरमधून पित्तात जाणारं कॉन्ट्रास्ट) वापरणार असाल तर ते पित्तात उतरलं की टी२ सिग्नल (ज्यात द्रव उजळ दिसतो) पडतो आणि नलिका दिसेनाशा होतात. ४ ते ६ तास उपाशी ठेवा. स्कॅनच्या १५-२० मिनिटं आधी अननसाचा रस दिलात तर त्यातल्या मँगनीजमुळे जठर आणि ड्युओडेनम काळे पडतात, पण डबाबंद रसात मँगनीजचं प्रमाण कमी-जास्त असतं, तेवढं लक्षात ठेवा.

सोडू नये असं विचाराल तर फॅट-सॅट टी२ (चरबीचा सिग्नल दाबलेला टी२). सारकॉइडच्या गाठी सहसा आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा गडद असतात, मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर) बहुधा किंचित उजळ. कॉन्ट्रास्टनंतर सुरुवातीच्या फेजेसमध्ये गाठी काळ्या उठून दिसतात, उशिराच्या फेजमध्ये लिव्हरमध्ये मिसळून जातात. त्यामुळे पूर्ण डायनॅमिक (कॉन्ट्रास्टनंतर ठरावीक वेळांनी घेतलेल्या सगळ्या फेजेस) घ्या. गॅडोक्सेटिक देताना वेग सेकंदाला १ मिली ठेवा. आर्टेरियल फेजमध्ये (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाची पहिली फेज) श्वासाच्या हालचालीने चित्र हललं तर ती फेज परत मिळत नाही.

वाचक_ग्वाल्हेर: नलिकांबद्दल थोडं. त्या दोन वेगळ्या कारणांनी अरुंद होतात. पोर्टल ट्रॅक्टमधल्या (लिव्हरच्या आत पित्तनलिका आणि रक्तवाहिन्या जिथून जातात त्या पट्ट्यांमधल्या) ग्रॅन्युलोमांनी आतल्या नलिका खाल्ल्या की मण्यांच्या माळेसारखं, हुबेहूब पीएससीसारखं (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, पित्तनलिका आकसण्याचा आजार) चित्र येतं. दुसऱ्या प्रकारात पोर्टा हेपॅटिसमधला (लिव्हरच्या प्रवेशद्वाराजवळचा) नोड नलिकेला बाहेरून दाबतो. फक्त एमआयपी (सगळे थर एकत्र करून बनवलेलं चित्र) बघून हे ठरवू नका. थ्रीडीच्या पातळ सोर्स इमेजेस आणि अ‍ॅक्सियल टी२ शेजारी ठेवून बघा. कॉमन हेपॅटिक डक्टवर उजवी हेपॅटिक आर्टरी आडवी जाते तिथला ठसा हमखास स्ट्रिक्चर (नलिकेचा अरुंद भाग) म्हणून रिपोर्टमध्ये येतो. लिव्हरच्या प्रवेशद्वाराशी एकच ठळक (हायलर) स्ट्रिक्चर आणि त्यामागे फुगलेल्या नलिका असतील, तर कोलँजिओकार्सिनोमा (पित्तनलिकेचा कॅन्सर) इमेजिंगवरून नाकारता येत नाही. तसं स्पष्ट लिहा.

पॅथॉलॉजी_वडोदरा: रिपोर्टमध्ये 'सारकॉइडोसिस' एवढंच लिहून थांबू नका, आपल्याकडे टीबी समोर उभाच असतो. नोडच्या मध्यभागी नेक्रोसिस (मेलेली ऊती) आणि कडेला रिम दिसली तर टीबीकडे झुका. नोड एकसारखा दिसला म्हणून टीबी सुटला असं मात्र नाही. पेट स्कॅनमध्येही टीबी, लिंफोमा आणि सारकॉइड तिघेही चमकतात.

शेवटी ऊतीच लागते. या पेशंटमध्ये छातीतल्या नोड्सचा नमुना ईबीयूएसने (श्वासनलिकेतून सोनोग्राफीच्या मदतीने) घेणं बहुधा सोयीचं. नमुन्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये द्या, दुसरा साध्या सलाइनमध्ये. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये घातलं तर टीबी कल्चर होत नाही, आणि कल्चर-जीनएक्सपर्टशिवाय (टीबीची जनुकीय चाचणी) 'नॉन-केसिएटिंग ग्रॅन्युलोमा' (मध्यभागी टीबीसारखी मेलेली ऊती नसलेला) हा शेरा अर्धवटच राहतो. टीबीचा निकाल लागण्याआधी स्टेरॉइड सुरू झालं तर जुनाट टीबी उसळू शकतो. एएमए (अँटीमायटोकॉन्ड्रियल अँटिबॉडी, रक्ततपासणी) पण करून घ्या, पीबीसीतही (प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, पित्तनलिकांचा आजार) ग्रॅन्युलोमा असतात.

रामबाग_इंदूर: सलाइनचं आजच ईबीयूएसवाल्यांना कळवतो. नोड्सचं कोरोनल टी२ वेगळं घ्यावं का?

पलासिया_एमआर: हो, घ्याच. पोर्टापासून पॅरा-एऑर्टिकपर्यंतची (महाधमनीच्या बाजूच्या) नोड्सची साखळी एका नजरेत येते.