जुने चित्रपट घरी पाहताना प्रत कशी पारखावी?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

आम्ही काही मित्रमंडळी रविवारी संध्याकाळी एकाच्या घरी जमून जुने, प्रायोगिक आणि विस्मरणात गेलेले चित्रपट पाहतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक असलेल्या शहरात राहत असल्यामुळे सुरुवात दादासाहेबांपासूनच करावी, असे सर्वांचे मत पडले. परंतु ‘कालिया मर्दन’ची (१९१९) जी प्रत मिळाली, तीत माणसे धावत सुटल्यासारखी चालतात आणि ‘संत तुकाराम’च्या (१९३६) डीव्हीडीत सर्वांचे चेहरे रुंद दिसतात. हा दोष प्रतीचा आहे की आमच्या टीव्हीचा? पुढे प्रायोगिक चित्रपटांचे दिग्दर्शक मणी कौल यांचे चित्रपट पाहण्याचा विचार आहे. तेव्हा प्रत चांगली आहे हे कशावरून ओळखावे?

उत्तर (पंचवटी)

पहिला दोष प्रतीचा आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जात असे आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी (म्हणजे सुटी स्थिरचित्रे) टिपल्या जात. बोलपट आल्यावर २४ चौकटींचा वेग रूढ झाला. जुनी फिल्म त्याच वेगाने व्हिडिओवर उतरवली, तर हालचाल जवळजवळ दीडपट वेगाने दिसते. चित्रपट संगणकावर लावून वेग ०.६७ ते ०.७५ इतका कमी करा आणि माणसांची चाल स्वाभाविक वाटेल तिथे थांबा. सोबतचे संगीत मागाहून जोडलेले असते, त्यामुळे आवाज बंद केल्याने मूळ कृतीतले काहीही गमावत नाही.

‘कालिया मर्दन’साठी हा खटाटोप अवश्य करावा. आरंभीच फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव दाखवते आणि त्यानंतर तीच कृष्ण म्हणून अवतरते. वेगवान प्रतीत हे सारे नुसते तोंड वेडावणे वाटते. वेग उतरवला की एक भाव मावळून दुसरा उमटतानाचा क्षण दिसू लागतो आणि तो दाखवण्यासाठीच फाळक्यांनी हा भाग चित्रपटाच्या तोंडाशी ठेवला असावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (नाशिक रोड)

रुंद चेहऱ्यांचे कारण बहुधा टीव्हीच्या मांडणीत सापडेल. त्या काळातील चित्रपटाच्या चौकटीची रुंदी आणि उंची साधारण ४:३ या प्रमाणात असे. ती १६:९ च्या पडद्यावर ताणली की प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते. चित्रात टाळ, थाळी किंवा चाक आले की ते गोल आहे की लंबगोल, एवढे पाहिले तरी पुरे. टीव्हीवर ४:३ निवडा आणि दोन्ही बाजूंचे काळे पट्टे राहू द्या. ‘झूम’ मात्र वापरू नये, कारण त्यात डोक्याचा आणि पायांचा भाग कापला जातो.

आणखी एक सांगतो. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीत २४ चौकटींचा चित्रपट अनेकदा २५ च्या वेगाने चालतो. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टीही किंचित चढते. वेष्टनावरील वेळ चार-पाच मिनिटांनी कमी दिसली, म्हणजे कात्री लागलीच असे समजू नये.

उत्तर (इंदिरानगर)

मणी कौल यांच्या चित्रपटांबाबत प्रतीचा प्रश्न फार गंभीर होतो. ‘उसकी रोटी’मध्ये त्यांनी मुख्यतः दोनच भिंगे वापरली: २८ मिलिमीटरचे, ज्यात जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट राहते, आणि १३५ मिलिमीटरचे, ज्यात एकच पातळी स्पष्ट राहून बाकीचे विरघळते. नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे प्रत्यक्ष जगणे आणि तिच्या मनातले जग यांतला भेद या दोन भिंगांतून मांडलेला आहे. धूसर प्रतीत सगळेच अस्पष्ट असल्यामुळे हा भेदच पुसला जातो आणि प्रेक्षक चित्रपटाला कंटाळवाणा ठरवून मोकळा होतो. म्हणून अशा चित्रपटाची चांगली प्रत मिळेपर्यंत थांबावे, हे माझे मत आहे.

परदेशी डिस्क मागवणार असाल, तर आधी प्रदेशांक, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारी खूण, पाहा: भारताचा डीव्हीडीसाठी ५ आणि ब्लू-रेसाठी सी आहे, तर अमेरिकेचा १ आणि ए. डिस्कवर निर्बंध असेल, तर साधा प्लेअर ती वाचणार नाही.

उत्तर (पंचवटी)

थांबण्याचा सल्ला सरसकट लागू करता येणार नाही. मणी कौल यांचाही दिग्दर्शनात सहभाग असलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ची (१९७६) प्रत बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपटसंस्थेने जपली आणि तिचे डिजिटल रूपांतर केले, म्हणून तो आज पाहता तरी येतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची तर काही रिळेच उरली आहेत आणि तीही १९१३ची की फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जिथे याहून चांगली प्रत मिळण्याची शक्यताच दिसत नाही, तिथे ओरखड्यांसकट, पण योग्य वेगाने आणि योग्य चौकटीत पाहावे. ‘उसकी रोटी’ मागे ठेवून पुढच्या रविवारी ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला तुकडाच लावा.