मदत हवी आहे: 'एचेवेर्रिया' म्हणजे आपले नवघरे का?

नमस्कार मंडळी. माझ्या नणंदेचे व्याही मूळचे चिलीचे, आडनाव एचेवेर्रिया. लग्नपत्रिकेत ते कसं लिहायचं इथपासून घोळ सुरू झाला, म्हणून थोडं वाचलं. आडनाव स्पॅनिश वाटलं तरी शब्द बास्क भाषेतला (स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क लोकांची भाषा) निघाला! 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवं. सरळ नवघरेच की! शेवटचा 'आ' हा बास्कमधला प्रत्यय, इंग्रजीतल्या 'द'सारखा.

खरी गंमत पुढे. उत्तर स्पेनमधल्या नवार प्रांतातल्या हाविएर गावाचं नावही याच शब्दांतून आलंय. १५०६ मध्ये तिथल्या किल्ल्यात जन्मलेले ख्रिस्ती संत फ्रान्सिस झेवियर (झेवियर म्हणजे हाविएरच) १५४२ मध्ये गोव्यात आले, आणि आपल्याकडे घरोघरी झेवियर झाले. म्हणजे मुंबईतला झेवियर आणि आमचे व्याही नावापुरते भाऊबंदच!

आता प्रश्न. एचेवेरी, चावारी, हाविएरे ही आडनावंही याच घरातली ना? स्पेलिंगवरून घराणं कुठल्या भागातलं ते ओळखता येतं का? आणि पत्रिकेत एक 'र' लिहू की दोन? स्पॅनिश किंवा बास्क येणाऱ्यांनी कृपया सांगा. पत्रिका शुक्रवारी छापायला जाणार आहे, आणि नणंदबाई रोज विचारतायत.