चिनी अक्षरं: रेघांचा क्रम हातात कसा बसवायचा?

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक)
मँडरिन घरीच शिकायला घेतली आहे, साधारण ६० अक्षरं ओळखता येतात. लिहिताना मात्र क्रम चुकतो. 'खौ' म्हणजे तोंड, ते चौकोनी अक्षर. मला त्यात चार रेघा दिसतात, पुस्तकात तीनच मोजल्यात. 'थ्येन' म्हणजे शेत, त्याचा क्रम दोन व्हिडिओंत दोन तऱ्हेचा. खरा कोणता? अक्षर दिसायला नीट आलं तर क्रमाने काय बिघडतं? आणि वही कुठली घ्यावी?

शाईदौत
तीनच. पेन टेकलं की रेघ सुरू, उचललं की संपली. मध्ये वळली तरी ती एकच. खौमध्ये आधी डावी उभी, मग वरची आडवी न उचलता उजवीकडून खाली, शेवटी तळ. आपला हात चौकोन एका दमात फिरवतो, म्हणून कोपरे गोल होतात आणि अक्षर शून्याकडे झुकतं.

देवनागरीची दुसरी सवयही आड येते. शिरोरेघ आपण शेवटी ओढतो, इथे बहुतेक वेळा आडवी आधी. 'दहा'चं अक्षर बेरजेच्या खुणेसारखं असतं: आडवी, मग उभी. पण 'चोंग' (मध्य) सारखी उभी रेघ सगळं भेदून जात असेल तर ती सर्वांत शेवटी. 'क्वो' (देश) आठ रेघांचं: तीन बाजूंची चौकट, आतलं सगळं, मग तळ. चीनमध्ये मुलांना सांगतात, आधी माणसं आत, मग दार बंद.

क्रमाने बिघडतं ते भरभर लिहिताना. तेव्हा रेघा एकमेकींत मिसळतात आणि कुठली कुठे मिसळणार हे क्रमावरच ठरतं. उलट्या क्रमाने जोडलेलं अक्षर चिनी वाचकाला लागणं कठीण.

पंचवटीकर
थ्येनचा एक व्हिडिओ बहुधा जपानी आहे. चीनमध्ये चौकटीनंतर आतली आडवी, मग उभी, मग तळ. जपानमध्ये आतली उभी आधी. 'वांग' (राजा) तसंच: चीनमध्ये दोन आडव्या, उभी, तळ, जपानमध्ये एक आडवी, उभी, मग उरलेल्या दोन. तुम्ही मँडरिन शिकताय, तेव्हा चिनी मानकच धरा. सध्याचं १ मार्च २०२१ पासून लागू आहे, त्यात ८१०५ अक्षरांचा क्रम दिलाय.

काही अक्षरं नियमाने सुटत नाहीत, पाठच करावी लागतात. 'श्याव' (लहान) मध्ये मधली आकड्याची उभी आधी, मग डावी, मग उजवी. 'ह्वो' (आग) मध्ये नेमकं उलट, बाजूचे दोन ठिपके आधी. 'न्यू' (स्त्री) मध्ये तर सगळे फसतात: डावीकडे उतरून उजवीकडे वळणारी रेघ पहिली, मग डावीकडे उतरती, आणि आडवी चक्क शेवटी.

रेघोटी
वहीसाठी फार शोधू नका. मेन रोडवर गणिताची चौकटीची वही घ्या, शक्यतो १ सेंमी घरांची. दोन आडवी, दोन उभी अशी चार घरं मिळून एक अक्षर. मधल्या रेघांनी तोल कळतो. चिनी सराववहीची घरं अशीच असतात, त्यांना 'थ्येन'वरूनच थ्येनत्सगं म्हणतात.

दिवसाला आठ अक्षरं पुरे. प्रत्येक दोनदा बोटाने हवेत, रेघांची नावं मोठ्याने म्हणत (हंग आडवी, शू उभी, फ्ये डावीकडे उतरती, ना उजवीकडे उतरती). मग पाचदा बघून, तीनदा झाकून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न बघता एकदा. एकच अक्षर पानभर गिरवू नका. काही वेळाने हात मूळ अक्षराऐवजी शेजारच्या घराची नक्कल करतो आणि पहिली चूक तळापर्यंत उतरते.

रेघेची दिशाही तपासा. 'हं' (नदी) मध्ये डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात. वरचे दोन खाली उतरतात, तिसरा खालून उजवीकडे वर झटकायचा, कारण पेन तिथूनच उजव्या भागाच्या पहिल्या आडव्या रेघेकडे जातं. तिन्ही खालीच ओढले तर डावा भाग सुटा पडतो.