गोचिडांवर वनस्पतींचा अर्क: मुख्य उपाय की केवळ जोडउपाय?

मूळ मांडणी: पशुपालक, संगमनेर

आमच्या गोठ्यात अकरा संकरित गाई आहेत. पूर्वी सायपरमेथ्रिन या रासायनिक गोचीडनाशकाच्या ज्या मात्रेने गोचीड गळून पडत, त्याच मात्रेला आता ते दाद देत नाहीत. म्हणून दोन वर्षांपासून मी ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, थोडा साबण मिसळून फवारतो. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन गोचिडाला तत्काळ मारत नाही. त्याच्या कात टाकण्यात आणि अंडी घालण्यात ते अडथळा आणते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाईच्या अंगावर गोचीड दिसले म्हणून अर्क निरुपयोगी ठरवणे घाईचे आहे. अर्कालाच पहिला मान द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद: पशुवैद्यक

मी असहमत आहे. संकरित जनावरात थायलेरिया या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रक्तातील परजीवीची लागण झाली, तर उपचाराला उशीर होणे जिवावर बेतते, आणि हळूहळू काम करणाऱ्या अर्कावर विसंबून तेवढा काळ गोचीड अंगावर राहू देणे मला पटत नाही. शिवाय तुमच्या अर्काची ताकद दर वेळी सारखी नसते: निंबोळी किती जुनी आहे, तिला बुरशी लागली होती का, फवारल्यावर ऊन किती होते, यावर सारे अवलंबून असते, कारण अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर नष्ट होते. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने गोचिडांत औषधाविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिकारशक्तीचा प्रश्नही सुटत नाही. सायपरमेथ्रिन हे शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रम या कीटकनाशकाच्या धर्तीवरच तयार झाले आहे, तरी गोचीड त्याला दाद देईनासे झालेच. तंबाखूचा काढा आणि सीताफळाच्या बियांचा लेप यांबद्दल तर मी कळकळीने सांगतो की, ते वापरू नका. निकोटिन कातडीतून शरीरात भिनते आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना गंभीर इजा करते.

प्रतिसाद: दूध उत्पादक, कागल

आपण दोघेही गाईच्या अंगाविषयीच बोलत आहात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडांच्या सांध्यांत हजारो अंडी घालते. माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात त्या भेगा शेणमातीने लिंपून घेत आणि गोठ्यात कोंबड्या सोडत. मी भेगा सिमेंटने बुजवल्या आणि उरलेल्या सांध्यांत करंज तेल व निंबोळी अर्क आठवड्यातून एकदा संध्याकाळी मारते. गोठा तसाच ठेवून गाय कशानेही धुतली, तरी गोचीड पुन्हा चढणारच.

मूळ लेखकाचे उत्तर

तंबाखू व सीताफळाबद्दलचा इशारा मला पूर्णपणे मान्य आहे आणि कागलच्या ताईंचे म्हणणे तर मी आधीच लक्षात घ्यायला हवे होते. फवारणीची वेळही संध्याकाळची करीन. ताप चढला किंवा खांद्यापुढची गाठ सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावणार, यातही वाद नाही. मात्र गोचीड दिसोत वा न दिसोत, दर महिन्याला ठरावीक रासायनिक फवारणी करण्याची आमच्या भागातील पद्धत मला अजूनही चुकीची वाटते, कारण एकच औषध वर्षानुवर्षे, तेही अनेकदा अंदाजाने पातळ करून मारल्यानेच तग धरणारे गोचीड मागे उरले आहेत.

पशुवैद्यक

त्या शेवटच्या मुद्द्यावर मी आपल्याबरोबर आहे. अर्काला पहिला मान देण्याच्या बाबतीत नाही.