पाच महिन्यांच्या इग्वानाला काय खायला घालू?

ठाणेकर_बाबा
मुलाच्या हट्टापायी घरात हिरवा इग्वाना आलाय. दुकानदार म्हणाला, "काहीही खातो साहेब, उकडलेलं अंडं द्या, झपाट्याने वाढेल." म्हणून पालक, काकडी आणि दिवसाआड थोडं अंडं देतोय. पालक तर फस्त करतो. पण महिनाभरात वाढ दिसत नाही, आणि दोन दिवसांपासून मागच्या पायाची बोटं मधूनच थरथरतात. (आई त्याला घोरपडच म्हणते आणि त्या खोलीत पाऊल टाकत नाही.) आहार काय ठेवू?

शेवग्याची_शेंग
अंडं आजपासून बंद! इग्वाना पाला खाणारा प्राणी, अगदी पिल्लूसुद्धा. मांस-अंड्याने मूत्रपिंडं कामातून जातात, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, ते अंगी लागत नाही. अळू-माठाचंही तेच. काकडी म्हणजे नुसतं पाणी. पोटात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट जायला हवं, नाहीतर शरीर ते हाडांतून ओढून घेतं. थरथर त्याचीच असू शकते.

माझ्या नऊ वर्षांच्या नराला मुख्य खाणं शेवग्याचा पाला, सोबत जास्वंदीची आणि तुतीची पानं आलटून पालटून. एकाच पाल्यावर ठेवू नका. वर किसलेला लाल भोपळा नाहीतर दुधी. पपईची फोड कधीतरी, लाड म्हणून. पिल्लाला सगळं बारीक चिरून, रोज सकाळी, म्हणजे दिवसभराच्या उबेत पचतं. पाला घरच्या कुंडीतला उत्तम. फुलवाल्याकडची जास्वंद नको, फवारलेली असते.

डोंबिवली_लोकल
खाण्याआधी दिवा कुठला आहे ते सांगा. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) नसेल तर ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कितीही कॅल्शियम घाला, फुकट. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. शेकायच्या जागी ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी. आणि थरथर आहे म्हणजे उद्याच डॉक्टर, तेही सरपटणारे प्राणी बघणारे. कॅल्शियमची पावडर मनाने सुरू करू नका.

ठाणेकर_बाबा
साधा पिवळा बल्ब आहे हो... उद्या सकाळी जातो.

कागदपत्रं_काका
विषयाला सोडून, पण केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर इग्वानाची नोंदणी केलीत का? हिरवा इग्वाना सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२४च्या नियमांनुसार नोंद लागते. दुकानदाराकडून कागद मागून घ्या.

ठाणेकर_बाबा
जाऊन आलो. एक्स-रेत हाडं विरळ दिसली, पण लवकर आलात म्हणाले. कॅल्शियमचं औषध दिलंय, यूव्हीबीची नळी लावली. नोंदणीचं आज बघतो. आता अडचण अशी की जास्वंदीचं फूल गट्टम करतो, शेवग्याकडे ढुंकूनही बघत नाही.

शेवग्याची_शेंग
फूल चुरून पाल्यात कालवा. रोज फूल थोडं कमी, पाला थोडा जास्त. माझ्याने तीन आठवडे रुसवा धरला होता. उरलेल्या पालकाची पातळभाजी करून तुम्ही खा.