'हाऊ डू यू डू' शिकवणं आता थांबवावं का?

अनुस्वार: स्पष्टच मांडतो. स्पोकन इंग्लिशच्या वर्गात 'हाऊ डू यू डू' घोकून घ्यायला माझा विरोध आहे. दिसायला प्रश्न, पण तो प्रश्न नाहीच. पहिल्या भेटीत, हात मिळवताना म्हणायचं आणि समोरच्यानं तेच वाक्य परत म्हणायचं. मुलं 'हाऊ आर यू' समजून 'आय ॲम फाइन' म्हणून मोकळी होतात. खुद्द इंग्लंडमध्ये रोजच्या बोलण्यातून ते जवळपास गेलंय, 'नाइस टू मीट यू' चालतं. त्यापेक्षा 'यू ऑलराइट?' शिकवा. ब्रिटनमध्ये सहकारी येता-जाता हेच म्हणतात आणि आपला माणूस 'मी आजारी दिसतोय का?' म्हणून गोंधळतो. 'येस, थँक्स. यू?' एवढंच पुरे.

काना_मात्रा: असहमत. बोलू नका, पण कानावर पडलं तर ओळखता यायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे. खूण सांगा: शेवटी सूर खाली उतरतो. अमेरिकेतलं 'हाउडी' याचंच आखडलेलं रूप, हे सांगितलं की विसरत नाहीत. जास्त नडते ती 'गुड नाइट'ची चूक. रात्री नऊला जेवणाला आलेला पाहुणा दारातच 'गुड नाइट' म्हणतो! तो निरोप झाला. भेटताना दहा वाजले असले तरी 'गुड ईव्हनिंग'च.

वेलांटी: काना_मात्रा यांच्याशी सहमत. उत्तर नको असलेला प्रश्न आपल्याला नवा आहे का? 'काय, कुठं निघालात?' विचारणाऱ्याला पत्ता नको असतो, 'हे काय, इकडेच' म्हटलं की झालं. निघतानाही आपण 'जातो' नाही, 'येतो' म्हणतो. शिकवायला इथूनच सुरुवात करा. घोळ होतो तो शब्दाला शब्द ठेवल्यानं. 'शुभनाम'चं 'गुड नेम' त्यातूनच आलं.

अनुस्वार: 'गुड नाइट'चं मान्य, बाकी मी ठाम आहे. अहो, तास मोजके असतात. पहिल्या भेटीत 'नाइस टू मीट यू', दुसऱ्यांदा 'मीट'च्या जागी 'सी', पहिल्या भेटीनंतर निघताना 'नाइस मीटिंग यू'. 'व्हॉट्स अप?'ला 'फाइन' जुळत नाही, 'नॉट मच' म्हणायचं. हे रोज लागतं, आणि नेमकं हेच राहून जातं.

काना_मात्रा: मग निदान 'जोड्या लावा' बंद करा. त्यात प्रसंगच नसतो. कोण, कुठे, कितव्यांदा भेटतंय आणि वाजले किती, हे आधी द्या. वाक्य मुलांना निवडू द्या.